मडक्यातला मासा जगला होता

आषाढात नर रोहूचं पोट हलक्या हातानं दाबलं की दूध येतं. पांढरं, घट्ट, बोटांना चिकटणारं. ते मादीच्या अंड्यांवर फिरवलं की बीज धरतं, आणि त्या बीजावर अख्खी ढिवरटोली वर्षभर जगते. त्या वर्षी यमुताई तळ्याच्या काठावर फतकल मारून बसली, एकेक मासा मांडीवर घेऊन दाबत गेली, आणि एकालाही दूध आलं नाही.

नर ओळखण्यात तिची चूक होणं शक्य नव्हतं. विणीच्या दिवसांत नराचा छातीजवळचा पंख कानशीसारखा खरखरीत होतो, मादीचा गुळगुळीतच राहतो. यमुताई डोळे मिटून बोटानं नर-मादी वेगळे करायची. आज ज्याला हात लावावा तो गुळगुळीत.

"सगळ्या बायाच धरून आणल्या काय जी तुमी?" तिनं नवऱ्याला विचारलं.

रुपराव कमरेएवढ्या पाण्यात जाळं धरून उभा होता. "मी काय लुगडं पाहून जाळं टाकतो काय वं?"

एरवी ती हसली असती. त्या दिवशी तिनं मांडीवरचा मासा असा काही पाण्यात भिरकावला की रुपरावच्या तोंडावर पाणी उडालं.

ढिवरटोली ही मासेमार ढिवरांची वस्ती कामठीच्या पलीकडे, नाल्याच्या कडेला आहे. यमुताई इथली सून. माहेर भंडाऱ्याकडचं, जिथं वळावं तिकडं तळी. शाळा चौथीत सुटली, आणि सुटली त्याचं तिला आजवर कधी वाईट वाटल्याचं कुणी ऐकलं नाही. कामठीच्या बाजारात तिची बसायची जागा ठरलेली, आणि तिच्या तोंडाची दहशतही ठरलेली. लष्करी छावणीतली एक बडी बाई एकदा नाक दाबून म्हणाली, "मासा ताजा आहे ना नक्की?" यमुताई म्हणाली, "अर्ध्या घंट्यापयले आल्या असत्या तं तुमाले पाहून पळाला असता तो." बाईनं मासा घेतला, आणि पुढं दर आठवड्याला घेत राहिली. यमुताईला शांत बाई म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. पण टोलीवर काही आलं की सगळे आधी तिच्याच दारात उभे राहतात.

नाल्याचंही असंच झालं होतं. वरच्या अंगाला मागाचं कापड धुणारे, रंगवणारे कारखाने. त्यांचं पाणी थेट नाल्यात. कधी निळं, कधी जांभळं. आज कोणता रंग चालू आहे ते टोलीतल्या म्हशींच्या पायांवरून कळायचं. तक्रारी झाल्या, अर्ज झाले, साहेब येऊन रुमाल नाकाला लावून गेले. शेवटी यमुताई बायांना घेऊन भर उन्हात रस्त्यावर बसली. एक उन्हाळा नाही, उन्हाळ्यामागून उन्हाळे. तेव्हा कुठं सरकारी पैशानं पाणी साफ करायचा प्लांट आला. बांधायला आणि सुरुवातीची काही वर्षं चालवायला एक खाजगी कंपनी. त्यात गाळ बसवायच्या टाक्या, हवा मारायच्या टाक्या, आणि सगळ्यांत शेवटी एक पक्की खोली. त्या खोलीत ओझोन बनवायची मशीन. हवेत विजेचा मारा करून ती मशीन ओझोन काढणार, तो बुडबुड्यांनी पाण्यात सोडणार, आणि पाण्यात जे काही विरघळून लपलेलं असेल त्याचे तुकडे पाडणार. उद्घाटनाला कंपनीच्या इंजिनिअरनं, ऋषिकेश त्याचं नाव, हे सगळं माईकवर छान समजावून सांगितलं होतं. शहरातल्या धरमपेठेतला गोरागोमटा पोरगा. सगळ्यांना अहो-जाहो करायचा.

ढिवरांची एक रीत आहे. नवं तळं घ्यायचं तर आधी त्याचं पाणी मडक्यात भरतात, त्यात एक लहान जिवंत मासा सोडतात, वर ओलं फडकं बांधतात. दिवसभर मडकं सावलीत. संध्याकाळी मासा हलत असला तर तळं चांगलं. सासऱ्यानं हे यमुताईला शिकवलं, सासऱ्याला त्याच्या बापानं. उद्घाटनाच्या दिवशी ऋषिकेशला हे कुठून तरी कळलं. तो म्हणाला, "यमुताई, आमच्या रिपोर्टपेक्षा तुमच्या मडक्यावर लोकांचा जास्त विश्वास आहे. तुम्हीच तपासा." तिला ते आवडलं. कुणाला आवडणार नाही? इतकी वर्षं साहेब लोक तिच्याकडं पाठ करून बोलले होते. तिनं सगळ्यांसमोर प्लांटमधून बाहेर पडणारं पाणी मडक्यात भरलं, मासा सोडला. संध्याकाळी फडकं काढलं तेव्हा मासा टुणकन उसळला. टाळ्या झाल्या. यमुताई माईकवर म्हणाली, "पाणी चांगलं हाय. माही गॅरंटी." तिच्या त्या शब्दावर टोलीनं प्लांटचं पाणी आपल्या तळ्यात घेतलं.

आठवडाभरात प्लांटच्या फाटकावर मोठी पाटी लागली. त्यावर मडकं धरलेली यमुताई आणि खाली अक्षरं: मासा जगला, पाणी शुद्ध.

ती खोटं बोलली नव्हती. त्या दिवशी ओझोनची मशीन चालूही होती. पण खरी गोम अशी, की मशीन बंद असती तरी मासा जगलाच असता.

हे तिला सांगितलं वैभवीनं. वैभवी वाडीची. बाप ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल, घर म्हणजे गोदामांच्या मागं भाड्याची एक खोली. पोरगी पाण्यावर संशोधन करत होती. गेल्या वर्षीपासून नाल्याच्या, तळ्याच्या पाण्याच्या बाटल्या भरून न्यायची, दोनदा मासेही घेऊन गेली. आषाढातली ती गोष्ट कानावर गेली तशी स्कूटीवर बसून आली आणि यमुताईच्या ओसरीवर टेकली.

"मावशी, मासे नरच आहेत. पण त्यांच्या शरीराले वाटून राहिलं का आपण मादी हाओत."

"कोनं सांगतलं त्याईले?"

"साबणानं." वैभवी हसली नाही. "कारखान्यात कापड धुतात ना, त्या साबणातून एक रसायन पाण्यात उरते. नॉनिलफेनॉल म्हणतात. ते अंगात गेलं का बाईच्या हार्मोनचं सोंग घेते. शरीर फसते."

"म्हणजे बहुरूपी."

"तसंच समजा."

"मंग मासा मरत काहून नाई?"

"ते मारतच नाही ना. मासा खाते, पिते, वाढते. फक्त पुढची पिढी होत नाही."

यमुताईनं ओसरीवरून हापशीकडं पाहिलं. मग तिनं विचारलं, "आमची हापशी नाल्याच्याच काठी हाय. सुनेले दिवस गेले हायेत माह्या. तिचं काय?"

"माणसाचं मी आज नाही सांगू शकत मावशी. ते तपासलं नाही मी. तपासल्याबिगर बोलणार नाही."

इतक्या वर्षांत नाल्यावर येऊन "मला माहीत नाही" म्हणणारं हे पहिलंच शिकलेलं माणूस होतं. यमुताईनं तिला जेवायला वाढलं.

जेवताना वैभवीनं उरलेलं सांगितलं. ओझोन या रसायनाचे तुकडे करतो, पण त्याला वेळ लागतो. रंग आधी तुटतो, हे मागून. रंग गेला म्हणून मशीन बंद केली तर पाणी दिसायला आरशासारखं, आणि आत बहुरूपी तसाच. "मी भरलेल्या बाटल्यांत तो तसाच आहे मावशी. माह्या हिशोबानं ती मशीन चालतच नाही."

यमुताई हात न धुता उठली.

प्लांटवर विश्वनाथ ऑपरेटर होता. टोलीच्या शेजारच्या गावचा, यमुताईच्या दूरच्या नात्यातला. ओझोनची खोली चालू असली की आजूबाजूला एक तिखट वास असतो, नाकात झोंबणारा. उद्घाटनाच्या दिवशी तो तिनं घेतला होता. आज वास होता तो ब्लीचिंग पावडरचा, सार्वजनिक संडासासारखा. खोलीला कुलूप, आणि कुलपावर कोळ्याचं जाळं.

"विश्वनाथ, ही कवापासून बंद हाय बे?"

"बंद कोन म्हणते मावशी? साहेब लोक आले का चालू करतो ना."

"अन् बाकीच्या दिवशी?"

विश्वनाथनं मान खाजवली. "लाईट बिल लय येते म्हणते कंपनी. ब्लीचिंगनं रंग जातेच ना. मंग पाणी दोन दिवस ठेवतो अन् सोडतो. मासे मरत नाईत, पाह्यलं ना तुमीच." मग जरा भीत भीत, फाटकाकडं बोट दाखवून, "तुमीच तं म्हटलं, चांगलं हाय म्हणून."

शिव्या यमुताईला नव्या नव्हत्या. पण ही शिवी नव्हती. फाटकावरची ती, पाच फुटांची, मडकं धरून हसत होती. त्या पाटीकडं पाहून तिला जो राग आला तो कंपनीवर किती आणि स्वतःवर किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. कंपनीनं नुसतं पाणी नासवलं नव्हतं. तिची जीभ चोरली होती. वर्षानुवर्षं उन्हात बसून कमावलेला शब्द, तो यांनी फळीवर चिकटवून लाईट बिल वाचवायला वापरला.

दुसऱ्या दिवशी ती बसनं धरमपेठेला गेली, कंपनीच्या ऑफिसात. काचेचं दार, आत गारेगार हवा. ऋषिकेशनं खुर्ची दिली, पाणी मागवलं. बाटलीतलं.

"ताई, तुम्ही म्हणता ते रसायन आमच्या तपासणीत येतच नाही. रंग बघतात, वास बघतात, अजून चार गोष्टी बघतात. सगळ्यात पास आहोत आम्ही."

"पाह्यत नाई म्हणून पाण्यात नाई काय?"

"तसं नाही. पण उद्या कुणी म्हणेल अजून एक काढा, परवा अजून एक. ओझोन चालवायचा तर वीज कोण भरणार? कारखानेवाले? ते बंद पडले तर मागवाले कुठं जातील, सांगा."

हा मात्र शेलका डाव आहे. पैसा कंपनीचा वाचतो आणि ढाल मागावरच्या गरिबाची. तो मागवाला याच नाल्याच्या काठी राहतो, त्याची बायको याच हापशीवर भांडी घासते, हे धरमपेठेतून दिसत नाही.

"पाटी उतरवा माही," यमुताई म्हणाली.

"ताई, फोटो खोटा आहे का? मासा जगला होता की नाही?" तो हसून म्हणाला. वाईट हसला नाही. तेच जास्त वाईट होतं. "उलट श्रावणात प्लांट सरकारकडे हस्तांतरित होतोय. मोठे साहेब येणार. तेव्हाही तुमच्याच हातानं मडक्यात मासा सोडायचा आहे. दादाजींशी बोलणं झालंय आमचं."

दादाजी म्हणजे मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. बाहेर उन्हात आल्यावर यमुताईला कळलं, की तिला सोडून सगळ्यांशी सगळं बोलून झालं आहे.

दादाजी त्या संध्याकाळी स्वतःच आले. वयानं मोठे, म्हणून यमुताईनं डोक्यावर पदर घेतला, आणि मग भांडायला लागली.

"कंपनी दर वर्षी बाहेरून बीज आणून देणार हाय, फुकट," दादाजी म्हणाले. "मोठ्या केंद्राचं बीज. तळ्यात सोडलं का वाढते. आपल्याले नर काय अन् मादी काय, विकाचंच हाय ना? तू मासा सोड अन् मोकळी हो."

"अन् कंपनी गेल्यावर? ज्यानं घेतला प्लांट तो बीज देणार हाय काय तुमाले?"

"तवाचं तवा पाहू."

"आपलं बीज आपल्या बायाईच्या हातचं हाय दादाजी. माह्या सासूनं जपलेले मासे हायेत ते. भिवापूरपासून लोक न्यायले येतात. उद्या आपण दुसऱ्याच्या दारात पिशवी घेऊन उभे राहू. ढिवर म्हणवून घ्याले तोंड राहीन काय?"

"तोंड तुयं लय चालते, तेच तं झालं. कोनं म्हटलं होतं गॅरंटी दे म्हणून?"

यमुताईला हे टोचलं, कारण खरं होतं. ती म्हणाली, "मीच देल्ली. मीच वापस घेतो." रागात ती पुरुषासारखं बोलायची.

प्लांटच्या हस्तांतराला मांडव घातला होता. टेबलावर पांढरी चादर, गुच्छ, नारळ, आणि मातीचं नाही तर चकचकीत पितळेचं मडकं. पिशवीत एक मासाही तयार ठेवलेला. ऋषिकेशनं माईक दिला. मोठे साहेब घड्याळ पाहत होते.

यमुताईनं मडक्याला हात लावला नाही. तिनं रुपरावला हाक मारली. तो आणि तिचा भाऊ दोन प्लास्टिकचे ड्रम घेऊन मांडवात आले. भाऊ पहाटेच माहेराहून पिकअपनं निघाला होता.

तिनं पहिल्या ड्रममध्ये हात घालून एक रोहू काढला, छातीशी धरला. "साहेब, हा माह्या माहेरच्या तळ्यातला नर. पंखाले बोट लावून पाहा." साहेबांनी लावलं नाही. तिनं पोट दाबलं. दुधाची धार चादरीवर पडली, साहेबांच्या फायलीपर्यंत गेली. साहेब खुर्चीसकट मागं सरकले. मागं कुणीतरी पोट्टं फिदीफिदी हसलं.

दुसऱ्या ड्रममधून तिनं टोलीच्या तळ्यातला नर काढला. तेवढाच मोठा, तेवढाच चकचकीत. दाबला. पुन्हा दाबला. काही नाही. तिनं तिसरा काढला, चौथा काढला. आता कुणी हसत नव्हतं. तिच्या हातांची घाई वाढली होती, आणि दादाजी खाली पाहत होते.

"मांगच्या खेपेला मी इथंच म्हटली होती, पाणी चांगलं हाय म्हणून," ती माईकशिवायच म्हणाली. तिला माईक लागतही नाही. "मी चुकली. आमच्या मडक्याले फक्त जीव घेणारं इख समजते. हे इख नाई. हे जिवंत ठेवून वंश बुडवते. हे वळखाची रीत माह्या सासऱ्यापाशी नव्हती अन् माह्यापाशीबी नाई. पण ते तोडाची मशीन त्या खोलीत हाय, तुमच्याच पैशाची. साहेब, आता चालू करून दाखवा म्हणा."

"किल्ली ऑफिसला आहे," ऋषिकेश म्हणाला.

सगळ्यांनी विश्वनाथकडं पाहिलं. मग त्यानं खिशातून किल्ली काढली आणि कुणाच्याच हातात न देता टेबलावर ठेवली, दुधाच्या बाजूला.

मशीन चालू झाली नाही. नळीत उंदरांनी संसार मांडला होता. साहेब खोलीत शिरले, बाहेर आले, आणि पहिल्यांदाच यमुताईकडं पाहून बोलले. मशीन रोज, न थांबता चालायला लागल्याशिवाय आपण ताबा घेतल्याची सही करणार नाही, असं म्हणाले. साहेब फार भला माणूस होता असं नाही. शंभर माणसांसमोर उंदराचं घरटं पाहिल्यावर सही करणं कुणालाही जड जातं.

लोक म्हणतील, जिंकली. जिंकणं इतकं स्वस्त असतं तर काय हवं होतं. कंपनीनं दुसऱ्याच दिवशी फुकटच्या बीजाचा शब्द मागं घेतला. संस्थेच्या बैठकीत दादाजी म्हणाले, आपण आपल्या पैशानं बीज विकत आणू, तळं रिकामं ठेवून कसं चालेल.

"रिकामंच ठेवा," यमुताई म्हणाली. "आज बीज सोडलं का उद्या सगळे म्हणतील, तळं तं चालू हाय, मशीन कायले पाह्यजे. कंपनी त्याचीच वाट पाहून राहिली. तळं उघडं दिसू द्या साहेबाले. येता जाता दिसू द्या."

"अन् खाचं काय वं? तुयं भाषण?"

"मी वाडीले जातो गोदामात. ज्याले याचं हाय त्यानं या."

फार भांडण झालं. पुरुष बहुतेक दादाजींच्या बाजूचे, बाया बहुतेक तिच्या. हात वर करायला सांगितले तेव्हा बायांचे जास्त निघाले. त्या वर्षी तळ्यात बीज पडलं नाही. टोलीतली अर्धी घरं यमुताईशी बोलत नाहीत, आणि उरलेली अर्धी बोलतात ती तिच्यासोबत वाडीला जातात म्हणून. आयुष्यभर पाण्यात हात घातलेल्या बाया आता खोक्यांना चिकटपट्ट्या लावतात. उभ्यानं, पंख्याविना, ट्रकच्या धुरात. यमुताईच्या बोटांना पट्टीनं चिरा पडल्या आहेत. प्रत्येक चिरेसाठी तिच्यापाशी कंपनीच्या नावाची एक वेगळी शिवी आहे, आणि त्या सगळ्या ती रोज देते.

दिवाळीनंतर एका दुपारी तिथंच तिचा फोन वाजला.

"मावशी, चालू झाली," विश्वनाथ म्हणाला.

"कवा?"

"सकाळी."

"मंग आता काहून सांगून राहिला? दुपार झाली."

"पाह्यलं टिकते का म्हणून. नवी नळी टाकली. नाकात झोंबून राहिलं मावशी, खोलीत उभं राहता येत नाई."

"तुयं नाक नोको सांगू. फोन मशीनपाशी ने."

फोनमधून घरघर आली. यमुताईनं स्पीकर लावला आणि फोन खोक्यावर ठेवला. टोलीच्या बाया हातातलं काम टाकून भोवती जमल्या. सुपरवायझर लांबून ओरडला, "काय गाणं ऐकून राहिल्या का वं?"

"गाणं नोय भाऊ," यमुताई म्हणाली, "कंपनीचं लाईट बिल हाय."

मग ती फोनवर वाकली. "विश्वनाथ, उद्या याच टायमाले लावजो. परवाबी. ज्या दिवशी आवाज नाई आला त्या दिवशी मी सगळ्यायले घेऊन येतो तिथं, ध्यानात ठेवजो."

"पुढच्या आषाढापर्यंत रोज फोन लावू काय मावशी?"

"मंग काय माह्यावर उपकार करून राहिला?" ती म्हणाली, आणि पट्टीचं टोक दातानं तोडून पुढच्या खोक्याला लागली. फोन तिनं बंद केला नाही.